सोलंकी : राजाचे आडनाव आणि झाडूवाल्याचेही



खिशातली शंभराची नवी, जांभळट रंगाची नोट काढा आणि उलटी करून बघा. मागच्या बाजूला एक विहीर दिसेल. ती उत्तर गुजरातमधल्या पाटणची 'राणीची वाव'. अकराव्या शतकात सोलंकी घराण्याची राणी उदयमती हिने ती बांधवून घेतली. २०१४ मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि २०१८ मध्ये ती आपल्या नोटेवर आली.

आता दुसरीकडे बघा. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, उपनगरातल्या कुठल्याही वॉर्डात पहाटे महापालिकेच्या हजेरी चौकीवर जा. मस्टरवर जाधव, कांबळे, गायकवाड यांच्या जोडीने आणखी काही आडनावे हमखास भेटतात. सोलंकी, परमार, वाघेला, मकवाणा, चौहान, राठोड. ही सगळी गुजरात-राजस्थानच्या राजघराण्यांची आणि राजपूत कुळांची आडनावे. ती लावणारी माणसे मात्र वाल्मिकी, मेघवाळ, वणकर समाजातली, हातात झाडू आणि हातगाडी असलेली.

एकाच आडनावाची विहीर नोटेवर, आणि त्याच आडनावाचा माणूस गटारात. हे कसे झाले?

या प्रश्नाला दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. सवर्ण म्हणतात, "यांनी आमची आडनावे उचलली." आपल्यातले काही जण म्हणतात, "आम्हीही मुळात राजपूतच होतो, कुठल्या तरी शापाने नाहीतर युद्धातल्या पराभवाने खाली पडलो." दोन्ही उत्तरे परस्परविरोधी वाटतात, पण दोघांचा पाया एकच आहे. आडनाव म्हणजे रक्त, हा तो पाया. तो किती कच्चा आहे हे सोलंकी या एका आडनावाच्या इतिहासावरून दिसते.

चुळीतून जन्म की अग्नीतून?

पाटणच्या या घराण्याचा पहिला राजा मूलराज. इसवी सन ९४१ च्या सुमारास त्याने अणहिलवाड पाटणची सत्ता घेतली. पुढे भीमदेव, कर्णदेव, सिद्धराज जयसिंह, कुमारपाल असे राजे झाले. मोढेऱ्याचे सूर्यमंदिर भीमदेवाच्या काळातले. १२४४ च्या सुमारास सत्ता वाघेलांकडे गेली, तेही याच घराण्याची शाखा. शिलालेखांत घराण्याचे नाव 'चौलुक्य' असे येते. लोकांच्या तोंडी त्याचे झाले सोलंकी. बदामी आणि कल्याणीचे चालुक्य आणि हे पाटणचे चौलुक्य एकाच मुळाचे की वेगळे, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण नावाचे साम्य उघड आहे. आपल्याकडचे साळुंखे, सोळंके, चाळके ही आडनावे त्याच चालुक्य नावाशी जोडली जातात.

आता या घराण्याच्या जन्मकथा बघा. कुमारपालाच्या काळातल्या, ११५१ च्या वडनगर प्रशस्तीत म्हटले आहे की ब्रह्मदेवाच्या चुळुकातून, म्हणजे ओंजळीतल्या चूळभर पाण्यातून, मूळ पुरुष निर्माण झाला, म्हणून चौलुक्य. पुढे 'पृथ्वीराज रासो'च्या परंपरेत दुसरीच कथा येते. अबूच्या पहाडावर वसिष्ठाने यज्ञ केला आणि त्या अग्निकुंडातून परमार, चौहान, प्रतिहार आणि सोलंकी ही चार कुळे बाहेर पडली. एकदा पाण्यातून जन्म, एकदा आगीतून! ज्यांना आपला जन्म कुठून झाला याची एक कथा ठरवता आली नाही, त्यांचे वंशज आज दुसऱ्याला विचारतात, तुझे आडनाव खरे की खोटे?

खरा इतिहास साधा आहे. ज्याच्या हाती तलवार, जमीन आणि महसूल आला, त्याने ब्राह्मणांना आणि भाटांना दान दिले आणि त्यांनी त्याला वंश लिहून दिला. इतिहासकार ब्रजदुलाल चट्टोपाध्याय यांनी राजपूत म्हणजे आधीपासून असलेली एक जात नसून सत्ता मिळवत जाणाऱ्या गटांची घडत गेलेली ओळख आहे, अशी मांडणी केली. मानववंशशास्त्रज्ञ सुरजित सिन्हा यांनी १९६२ मध्ये मध्य भारतातल्या आदिवासी सरदारांची राज्ये तयार होताना राजपूत वंशाची मिथके कशी जुळवली गेली हे दाखवले. राजपूत जन्माला येण्याआधी 'बनत' होते. बाबासाहेबांनी हा मुद्दा १९३६ मध्येच 'जातिप्रथेचे निर्मूलन'मध्ये वापरला होता. डी. आर. भांडारकरांच्या संशोधनाचा दाखला देऊन त्यांनी सांगितले की भारतात शुद्ध रक्ताची जात कुठेच नाही, जाती तयार झाल्या त्या वंशांची सरमिसळ होऊन गेल्यानंतर.

आडनाव खाली उतरले, आडवेही पसरले

मग राजाचे नाव एवढे पसरले कसे? गुजरातमध्ये सोलंकी आडनाव फक्त राजपूत आणि दलितांत नाही. कोळ्यांत आहे, मोची आणि दर्जी समाजात आहे, मुसलमान झालेल्या मोलेसलाम गरासियांतही आहे. एवढ्या माणसांचा बाप एक मूलराज असू शकत नाही, हे शाळकरी पोरालाही कळेल.

पसरण्याचे पहिले कारण सत्ता. राज्य गेले तरी घराण्याच्या शाखा लहान लहान ठाकूर, गरासिये म्हणून गावोगाव राहिल्या. स्थानिक गटांशी सोयरिकी झाल्या, लढाऊ टोळ्या त्यांच्यासोबत जोडल्या गेल्या आणि धन्याच्या कुळाचे नाव सोबत्यांना लागले.

दुसरे कारण आश्रय. ज्या दरबाराच्या गावात राहायचे, ज्याची मेलेली गुरे ओढायची, ज्याच्यासाठी कापड विणायचे, त्याच्याच कुळाच्या नावाने अस्पृश्य वस्ती ओळखली जाऊ लागली. इथे आडनाव म्हणजे नाते नव्हते, ताबा होता. 'हे कोणाचे?' या प्रश्नाचे ते उत्तर होते.

तिसरे कारण वही. गुजरातमध्ये वहीवंचा बारोट नावाचा वंशावळी लिहिणारा समाज आहे. ए. एम. शाह आणि आर. जी. श्रॉफ यांनी १९५८ मध्ये त्यांच्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बारोटांना वंशावळकार आणि मिथककार अशा दोन्ही नावांनी ओळखले आहे, आणि हा दुसरा शब्द महत्त्वाचा. आपल्याकडे दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येऊन कुळाची माहिती वाचून दाखवतात, तसेच हे. राजपुतांचे बारोट वेगळे, आणि दलितांसाठी तुरी समाजाचे बारोट. यजमानाने दक्षिणा द्यायची, बारोटाने वहीत नावे चढवायची आणि वंशाचे मूळ एखाद्या राजपूत पुरुषापाशी नेऊन ठेवायचे.

यावर हसू नका. ज्या समाजाला देवळात, शाळेत, पाणवठ्यावर जागा नव्हती, त्याने निदान वहीत तरी स्वतःला माणूस म्हणून जागा मागितली. त्या काळात ती प्रतिष्ठेची मागणीच होती. पण ती जातीच्या उतरंडीच्या आतली मागणी होती. 'आम्हीही वरचे' असे म्हणताना 'वरचे' नावाची गोष्ट खरी आहे, हे आपण मान्य करून बसतो.

चौथे कारण सरकारी कागद. गावात माणूस स्वतःचे नाव आणि बापाचे नाव एवढ्यावर भागवत होता. शाळेचा दाखला, पलटण, गिरणी, महापालिका, सगळीकडे आडनावाचा रकाना आला. तो भरताना कोणी जातीचे नाव लिहिले, कोणी गावाचे, आणि पुष्कळांनी वहीतले कुळाचे नाव लिहिले. जे तोंडी होते ते कागदावर पक्के झाले.

सिद्धराजाचा तलाव आणि मेघमाया

सोलंकी राजांचा इतिहास शाळेत शिकवताना सिद्धराज जयसिंहाला मोठा मान असतो. बाराव्या शतकात त्याने पाटणला सहस्रलिंग तलाव बांधवून घेतला. गुजरातच्या दलित समाजाच्या लोककथेत मात्र या तलावाचे दुसरे नाव आहे, वीर मेघमाया.

कथा अशी. तलाव खोदला पण पाणी टिकेना. बत्तीसलक्षणी पुरुषाचा बळी द्या, असे सांगण्यात आले. धोळक्याजवळच्या रनोडा गावचा माया नावाचा अस्पृश्य तरुण निवडला गेला. मरण्याआधी त्याने राजाकडे मागणे मागितले. आमच्या लोकांच्या गळ्यातले थुंकीचे मडके आणि कमरेचा झाडू काढा, आम्हाला गावाजवळ राहू द्या, अंगणात तुळस आणि पिंपळ लावू द्या. राजाने कबूल केले, मायाचा बळी दिला आणि तलाव भरला.

ही दंतकथा आहे, शिलालेख नाही. पण तिच्यातली मागण्यांची यादी नीट वाचा. मडके आणि झाडू म्हटले की आपल्याला पेशवाईतले पुणे आठवते. तीच वेदना गुजरातचा दलित समाज सोलंकी राजवटीच्या नावाने सांगत आला आहे. राजांच्या प्रशस्त्यांत ब्रह्मदेवाची ओंजळ आहे, आपल्या कथेत गळ्यातले मडके आहे. समाजाचा इतिहास शोधायचा तर दुसऱ्या कागदपत्राकडे जावे लागते.

आज पाटणला मेघमायाचे स्मारक आहे. 'बलिदान' म्हणून त्याचा गौरव होतो. गौरव जरूर व्हावा, पण बलिदान आणि बळी यात फरक आहे. स्वतःहून दिले तर बलिदान, राजसत्तेने आणि ज्योतिषाने मिळून घेतला तर तो खून. ज्याच्या राज्यात हा खून झाला त्या घराण्याचे आडनाव पुढे मारल्या गेलेल्याच्या समाजातही पसरले. आता सांगा, या आडनावात रक्ताचे नाते शोधायचे की रक्ताचे डाग?

काठियावाडातून मुंबईच्या मस्टरवर

१८६४ मध्ये बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी गुजरातमधून मुंबईपर्यंत आली. व्यापारी आले, गिरणीकामगार आले, आणि शहराला ज्याची सर्वांत जास्त गरज होती तो मैला साफ करणारा माणूसही आला. १८९९-१९०० च्या 'छप्पनिया' दुष्काळाने गुजरात-काठियावाड उजाड केले. विक्रम संवत १९५६ म्हणून छप्पनिया. कोरडी शेती आणि मेलेली गुरे यांवर जगणाऱ्या समाजांना शहराशिवाय वाट उरली नाही.

शहराने त्यांना काय दिले? १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात मैला उचलण्याच्या सेवेसाठी 'हलालखोर कर' होता. म्हणजे कराचेही नाव जातीच्या धंद्यावरून! काम जातीने ठरलेले, आणि ज्या शहराला आपण आधुनिक म्हणतो त्याच्या कायद्यानेच त्यावर शिक्का मारलेला.

पुढे लाड-पागे समितीच्या शिफारशींमुळे सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी मिळू लागली. याकडे उथळपणे बघू नका. मुंबईत ज्याला दुसरी कायम नोकरी मिळत नाही, ज्याचे घर नोकरीच्या क्वार्टरवर अवलंबून आहे, त्याच्यासाठी ही वारसा नोकरी म्हणजे डोक्यावरचे छप्पर आहे. युनियन तिच्यासाठी लढतात ते बरोबरच आहे. पण त्याचा परिणामही दिसतो. पदवी घेतलेला पोरगा बापाच्या जागी झाडू धरतो. आडनाव वारशाने, झाडूही वारशाने. नोटेवरची विहीर मात्र कोणाच्या वाट्याला आली नाही.

मी ज्या वस्त्यांत काम करते तिथे या आडनावाची दुहेरी अडचण रोज दिसते. घर भाड्याने बघायला गेले की दलाल 'सोलंकी' ऐकून खुश होतो, दरबार समजतो. मग मूळ गाव विचारतो, वडील काय करतात विचारतो, आणि "पालिकेत सफाई खात्यात" म्हटले की खोली अचानक आधीच दिलेली निघते. उलट जातीच्या दाखल्याच्या वेळी खिडकीवरून ऐकू येते, "सोलंकी तर राजपूत असतात." वर १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या महाराष्ट्रातल्या वास्तव्याचा पुरावा हवा. आजोबांच्या जुन्या कागदावर आडनावच नसते, किंवा सोलंकीचे सोळंकी झालेले असते. भेदभाव करताना आडनाव पुरत नाही म्हणून धंदा विचारतात, हक्क देताना धंदा दिसत असूनही आडनावाकडे बोट दाखवतात.

बाबासाहेबांनी कुळांकडे कसे पाहिले

इथे बाबासाहेबांची पद्धत आपल्याला वाट दाखवते. १९४८ च्या 'अस्पृश्य मूळचे कोण?' या ग्रंथात त्यांनी नेमका हाच प्रश्न हाताळला. मराठ्यांची कुळे आणि महारांची कुळे त्यांनी शेजारी ठेवली आणि दाखवले की मराठ्यांत असलेली कुळे महारांतही सापडतात. पंजाबात जाट आणि चमार यांचेही तेच. यावरून त्यांनी 'आम्ही मूळचे मराठे' असा निष्कर्ष काढला नाही. त्यांचा निष्कर्ष होता की स्पृश्य आणि अस्पृश्य यांचा वंश वेगळा नाही, म्हणून अस्पृश्यतेचे मूळ वंशात नाही. ती समाजाने निर्माण केलेली गोष्ट आहे.

आपल्या घरातच बघा. जाधव, पवार, मोरे, शिंदे, चव्हाण, कदम, साळुंखे ही आडनावे मराठ्यांत आहेत तशी बौद्धांतही आहेत. खुद्द बाबासाहेबांच्या घराण्याचे नाव सकपाळ, आणि कोकणातल्या मराठ्यांतही सकपाळ आहेत. त्या नात्याने महाडच्या तळ्यावर कोणी दगड मारायचा थांबला का?

सोलंकी, परमार, वाघेला हे याच पुराव्याचे गुजराती पान आहे. आडनाव एक, माणूस एक, वागणूक मात्र दोन. म्हणजे फरक रक्ताने केलेला नाही, व्यवस्थेने केला आहे. जे केले आहे ते मोडता येते.

आडनावाची ढाल लागत नाही

काही तरुणांना वाटते, आडनाव राजपुतांचे आहे तर मिशीला पीळ द्यावा, नावापुढे 'सिंह' लावावे, जात झाकली जाईल. २०१७ मध्ये गांधीनगरजवळच्या लिंबोदऱ्यात मिशी ठेवली म्हणून दलित तरुणांना मारहाण झाली. २०१८ मध्ये धोळक्यात एका दलित तरुणाने फेसबुकवर नावाला 'सिंह' जोडले म्हणून हल्ला झाला. धोळका म्हणजे मेघमायाचाच तालुका. ११ जुलै २०१६ ला उना तालुक्यातल्या मोटा समढियाळात ज्या कुटुंबाला मेलेली गाय सोलल्याबद्दल झोडपले, त्यांचे आडनावही सौराष्ट्रातल्या राजपूत कुळाचेच आहे. त्या आडनावाने एक काठी अडवली नाही. मिशी ठेवणे, हवे ते नाव लावणे हा त्या तरुणांचा हक्कच आहे आणि त्यासाठी आपण त्यांच्या बाजूने उभे राहिलेच पाहिजे. पण हक्क वेगळा आणि सुटका वेगळी.

नाव झाकून सुटका होत नाही, हे बाबासाहेबांनी बडोद्यात भोगले आहे. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या या माणसाला राहायला जागा मिळाली ती पारशी नाव लावून, पारशांच्या धर्मशाळेत. काही दिवसांत काठ्या घेऊन लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. त्यानंतर त्यांनी अधिक चांगले खोटे नाव शोधले नाही, लढा उभा केला. उन्याच्या त्या कुटुंबानेही एप्रिल २०१८ मध्ये बुद्धाचा मार्ग स्वीकारला. त्यांना उत्तर राजपूत वहीत सापडले नाही.

आणि आडनाव उघड असले तर? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांच्या २००७ च्या अभ्यासात सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले गेले. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता सवर्ण नावापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने कमी निघाली. झाकले तरी मार, दाखवले तरी नकार. तेव्हा प्रश्न आडनाव बदलण्याचा कमी आणि आडनाव विचारणाऱ्याला जाब विचारण्याचा जास्त आहे.

कोणत्या सोलंकीचा वारसा?

आता मुद्द्याचे. वारसा सांगायचाच असेल तर सोलंकी आडनावाचा एक माणूस आपल्याकडे आहे, आणि त्याला आपण विसरलो आहोत. डॉ. पुरुषोत्तम सोलंकी. मुंबई विधिमंडळात १९२७ मध्ये सरकारने अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून ज्या दोघांची नेमणूक केली, त्यात एक डॉ. आंबेडकर आणि दुसरे गुजराती अस्पृश्य समाजातले डॉ. सोलंकी. २३ ऑक्टोबर १९२८ ला पुण्यात सायमन कमिशनसमोर बाबासाहेबांची साक्ष झाली, तेव्हा डॉ. सोलंकी त्यांच्यासोबत होते. त्याच वर्षी नेमलेल्या स्टार्ट समितीत, जिने मुंबई इलाख्यातल्या अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी केली, दोघेही सदस्य होते. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारावर बाबासाहेबांप्रमाणे त्यांचीही सही आहे.

म्हणजे मराठी आणि गुजराती अस्पृश्यांची एकजूट ही काही नवी कल्पना नाही. आपली चळवळ उभी राहतानाच ती होती. मग आज एकाच नाल्याच्या दोन काठांवर राहणाऱ्या आपल्या वस्त्या एकमेकींना का ओळखत नाहीत? भाषा वेगळी, देव वेगळे, युनियनही कधी कधी वेगळी. आणि आपणही 'सोलंकी' ऐकून 'हे गुजराती, म्हणजे शेठ लोक' असे समजून पुढे जातो. ज्या आडनावाने दलालाची फसगत होते, त्याच आडनावाने कार्यकर्त्याचीही व्हावी?

म्हणून तीन गोष्टी करूया. पहिली, १४ एप्रिल आणि ६ डिसेंबरची तयारी करताना शेजारच्या गुजराती सफाई कामगार वसाहतीत जाऊन बसा, डॉ. सोलंकींची माहिती त्यांच्या भाषेत छापून न्या. दुसरी, त्यांच्या मुलांच्या दाखल्यांची कागदपत्रे जुळवायला मदत करा. शाळेचे जुने रजिस्टर, पालिकेचे सेवापुस्तक, भाड्याची पावती, जे मिळेल ते शोधा. पन्नास साली आजोबा मुंबईत झाडू मारत होते याचा पुरावा आज नातवाच्या हातातली वही-पेन होऊ शकतो. तिसरी, वस्तीत कोणी 'आम्ही मूळचे राजपूत' म्हणाले तर त्याची टिंगल करू नका. त्याच्याशी बोला. त्याला विचारा, सिद्धराजाच्या प्रशस्तीत तुझा आजोबा होता की मेघमायाच्या मागण्यांत?

राणीच्या वावेचे दगड कोणी वाहिले, त्यांची नावे कुठल्या शिलालेखात नाहीत. त्या हातांचा इतिहास आपला आहे. तो सांगायला राजाच्या वहीची गरज नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!